दोन कार्डांमधलं अंतर

जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाने नव्या पिढीच्या ग्राफिक्स कार्डांच्या भारतातल्या सुरुवातीच्या किमती जाहीर केल्या, तेव्हा आरटीएक्स ५०९०ची किंमत २,१४,००० रुपये होती आणि त्याच्या खालच्या ५०८०ची १,०७,०००. एका ५०९०च्या पैशांत बरोबर दोन ५०८०. आतला ऐवज पाहिला तरी हिशोब जवळपास तसाच जुळतो. ५०८०मध्ये १०,७५२ कोअर आहेत, ५०९०मध्ये २१,७६०. मेमरी एकात १६ जीबी, दुसऱ्यात ३२. बाजारात प्रत्यक्ष भाव पुढे बरेच हलले, पण प्रमाण ध्यानात राहावं इतकं नेमकं आहे. गेमिंगसाठी मशीन जमवणाऱ्याला इथे एक जुना प्रश्न पडतो : सगळे पैसे एका मोठ्या कार्डात घालावेत, की दोन लहान कार्डं शेजारी शेजारी बसवावीत? डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावात राहून हा विचार करणाऱ्याला आणखी काही गोष्टी हिशोबात धराव्या लागतात. विजेचं बिल आहे, चैत्र-वैशाखातली खोलीतली उकड आहे, आणि काही बिघडलं तर डहाणू रोडहून गाडी पकडून थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारापर्यंत जाणं आहे. माझं मत आधीच सांगतो. खेळासाठी कार्ड एकच असावं, आणि बहुतेकांनी तेही सर्वांत वरचं घेऊ नये. आज दोन ५०८० जोडण्याची सोयच उरलेली नाही, हे त्याचं सरळ कारण झालं. पण ती सोय का गेली, हे समजून घेण्यासारखं आहे. काम अनेकांत वाटल्याने केव्हा वेग येतो आणि केव्हा नुसती संख्या वाढते, हे त्यातून फार स्वच्छ दिसतं.

जोडकार्डाची कल्पना काही मूर्खपणाची नव्हती. सुरुवातीला ती उत्तम चालली. १९९८मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू २ आलं. एकट्या कार्डाची धाव ८०० गुणिले ६०० बिंदूंच्या चित्रापर्यंत होती. दोन कार्डं एका छोट्या केबलने जोडली की १०२४ गुणिले ७६८चं चित्र मिळे आणि खेळाचा वेगही वाढे. युक्ती अगदी सरळ होती. पडद्यावरच्या आडव्या रेषांपैकी एक सोडून एक रेष एका कार्डाने काढायची, उरलेल्या दुसऱ्याने. त्या काळात एका रेषेला शेजारच्या रेषेचं काही विचारायचं नसे. त्रिकोण कुठे आहे, त्यावर कोणतं पोत चिकटवायचं आणि प्रकाश किती, एवढं कळलं की रेष पूर्ण होई. दोन्ही कार्डं एकाच क्षणाच्या एकाच चित्रावर काम करत, त्यामुळे काम संपायला खरोखर कमी वेळ लागे. २००० साली थ्रीडीएफएक्स बुडाली आणि तिचं तंत्र एनव्हिडियाने विकत घेतलं. २००४मध्ये एनव्हिडियाने व्हूडूच्या त्या जोडणीचं एसएलआय हेच नाव पुन्हा बाजारात आणलं, तर २००५मध्ये एटीआयने तशीच क्रॉसफायर ही सोय काढली. नाव तेच राहिलं, पण दरम्यान खेळांची चित्रं बदलली होती. सावल्या, प्रतिबिंबं, धूर, पाणी या सगळ्यांसाठी चित्राच्या एका भागाला दुसऱ्या भागाची माहिती लागू लागली. रेषा वाटून घेणं महाग पडायला लागलं, म्हणून दुसरी वाटणी पुढे आली. पहिली फ्रेम एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. काम जागेत वाटण्याऐवजी काळात वाटलं गेलं, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ याच बदलात आहे.

समजा एका कार्डाला एक फ्रेम पूर्ण करायला ३० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ३३ फ्रेम. दोन कार्डं आळीपाळीने लावली तर ३० मिलिसेकंदांत दोन फ्रेम निघतात आणि मोजणीचा आकडा सेकंदाला ६६ दाखवतो. आकडा खरा आहे. पण प्रत्येक फ्रेम तयार व्हायला अजूनही ३०च मिलिसेकंद लागतात, म्हणजे खेळाडूने बटण दाबल्यावर त्याचा परिणाम पडद्यावर दिसायला लागणारा वेळ कमी झालेला नाही. फ्रेमची रांग लावावी लागल्याने तो अनेकदा वाढतोच. शिवाय दोन फ्रेम समान अंतराने येतील याची हमी कुणी दिली? दुसऱ्या कार्डाने पहिल्यानंतर चारच मिलिसेकंदांनी काम सुरू केलं, तर पडद्यावर फ्रेम जोडीजोडीने येतात : चार मिलिसेकंदांचं अंतर, मग सव्वीसचं, पुन्हा चारचं, पुन्हा सव्वीसचं. सरासरी पंधराचीच, पण डोळ्यांना जाणवतो तो सव्वीसचा खंड. खेळणारे याला मायक्रोस्टटर म्हणत. आकडा ६६ दाखवतोय आणि खेळ मात्र अडखळतोय, ही तक्रार वर्षानुवर्षं होत होती. ती सिद्ध करता येत नव्हती, कारण सगळी मोजमापं सेकंदाच्या सरासरीत होत होती.

ही कोंडी फुटली ती मोजण्याची रीत बदलल्यामुळे. सप्टेंबर २०११मध्ये द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ स्वतंत्रपणे मांडायला सुरुवात केली. सरासरी सारखी असलेली दोन कार्डं त्या आलेखात अगदी वेगळी दिसू लागली. २०१३मध्ये याहून कडक तपासणी आली. प्रत्येक फ्रेमच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी छापायची, पडद्याकडे जाणारं चित्र जसंच्या तसं टिपून घ्यायचं आणि त्या पट्ट्यांची उंची मोजायची. त्यात जोडकार्डांच्या काही फ्रेम पडद्यावर अवघ्या काही रेषांपुरत्या उमटत असल्याचं दिसलं. त्या मोजल्या जात होत्या, पण कुणाला दिसत नव्हत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एटीआयला सामावून घेतलेल्या एएमडीला फ्रेममधलं अंतर समान ठेवणारा ड्रायव्हर काढावा लागला. हा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. जे मोजलं जातं तेच विकलं जातं, हे ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात जितकं उघड दिसलं तितकं क्वचित दिसतं. दुसरं कार्ड घेणाऱ्याला जे हवं होतं, म्हणजे हाताच्या हालचालीला चित्राने दिलेली तत्काळ साथ, ते सरासरीच्या आकड्यात कधी नव्हतंच. ड्रायव्हरने फ्रेममधलं अंतर नीट केलं तेही लवकर तयार झालेली फ्रेम मुद्दाम थोडी रोखून धरून. अडखळणं कमी झालं आणि विलंब तिथेच राहिला.

मेमरीची गोष्टही अशीच फसवी होती. चार जीबीची दोन कार्डं मिळून आठ जीबी होत नसत. प्रत्येक कार्डाला पूर्ण दृश्याची स्वतःची प्रत लागे, त्यामुळे एकच सामान दोन्हीकडे भरलेलं असे आणि वापरायला मिळत चारच. २०१४मधली दोन टोकाची कार्डं आठवा. एएमडीचं आर९ २९५एक्स२ एकाच पट्टीवर दोन चिप घेऊन, पाण्याने थंड करून, ५०० वॅटच्या भुकेसह आलं. एनव्हिडियाचं टायटन झेडही दोन चिपचं, किंमत २,९९९ डॉलर. दोन्हींच्या जाहिरातीत मेमरी दोन चिपची मिळून सांगितलेली होती आणि खेळाला तिची अर्धीच उपयोगी पडत होती. या सगळ्यावर शेवटचा घाव बसला तो चित्र काढण्याच्या नव्या पद्धतींचा. गेल्या दशकात खेळांनी कडांचा खरखरीतपणा घालवण्यासाठी मागच्या फ्रेमची माहिती वापरायला सुरुवात केली. पुढे डीएलएसएससारखी तंत्रं आली, जी कमी बिंदूंचं चित्र मागच्या फ्रेमच्या आधाराने मोठं आणि स्वच्छ करतात. आजची प्रत्येक फ्रेम आदल्या फ्रेमच्या खांद्यावर उभी असते. फ्रेम आळीपाळीने काढायच्या तर आदली फ्रेम नेमकी दुसऱ्या कार्डाच्या पोटात असते. ती मागवायची म्हणजे थांबायचं, आणि थांबायचं तर दुसरं कार्ड घेतलं कशाला? १ जानेवारी २०२१पासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरमध्ये खेळागणिक लागणारे एसएलआयचे नवे प्रोफाइल बनवणं थांबवलं. ज्या खेळाच्या निर्मात्यांनी स्वतःच दोन कार्डांची सोय केली असेल, तेवढ्यापुरतीच ती राहिली. रेड डेड रिडेम्प्शन २ किंवा शॅडो ऑफ द टूम रेडर अशी मोजकी नावं त्यात होती. बाकीच्यांनी फार थोड्या गिऱ्हाइकांसाठी एवढा खटाटोप केला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

यावर महाराष्ट्रातल्या वाचकाकडून एक आक्षेप येणं साहजिक आहे, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. अनेकांना जोडून वेग मिळत नाही म्हणता, मग पुण्यात काय घडलं? अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक भारताला द्यायला नकार दिला, १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. तो एका महाग, अतिवेगवान प्रोसेसरवर बांधलेला नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या चिप मोठ्या संख्येने जोडून तो घडवला होता. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४मध्ये सुरू झालेला अर्क ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे, आणि तोही असंख्य प्रोसेसरांचाच मेळ. पालघरच्या किनाऱ्यावर पाऊस किती पडेल हे सांगणारी गणितं अशाच यंत्रांवर चालतात. हा इतिहास खरा आहे, अभिमानाचा आहे, आणि एकापेक्षा अनेक बरे हे त्याने सिद्ध केलं आहे. पण कोणत्या अटींवर सिद्ध केलं ते पाहायला हवं. ट्रान्सप्युटरची घडणच अशी होती की प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या मुळातच दिलेल्या होत्या. बोलणं हा त्या चिपच्या कामाचा भाग होता. हवामानाच्या गणितात नकाशाचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक प्रोसेसर आपला चौकोन सांभाळतो आणि दर पायरीला फक्त सीमेवरची माहिती शेजाऱ्याला देतो. तिथेही आजची पायरी कालच्या पायरीवर उभी असते, म्हणजे काळाची साखळी तिथेही आहे. फरक इतकाच, की उद्याच्या पावसाचं उत्तर काही तासांत मिळालं तरी चालतं. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एका फ्रेमसाठी मिळतात १६.७ मिलिसेकंद, १४४च्या पडद्यावर ६.९. तेवढ्यात काम वाटायचं, करायचं, परत गोळा करायचं आणि क्रमाने दाखवायचं.

आणि एकटं म्हणवलं जाणारं कार्ड तरी एकटं कुठे असतं? ५०८०च्या पोटातच दहा हजारांवर कोअर एकाच वेळी राबत असतात. परमचं तत्त्व तिथे नखाएवढ्या जागेत येऊन बसलं आहे. तेव्हा एक आणि अनेक यांचा झगडा इथे नाहीच. राबणाऱ्यांमध्ये अंतर किती, यावर सगळं ठरतं. ५०८०च्या कोअरना आपली मेमरी सेकंदाला ९६० जीबी या वेगाने मिळते. शेजारच्या स्लॉटमधल्या दुसऱ्या कार्डाशी बोलायचं तर नेहमीचा मदरबोर्ड सोळा वाहिन्या दोघांत आठ-आठ वाटतो, आणि नव्यात नव्या मार्गानेही वेग एका दिशेला ३२ जीबीच्या आसपास राहतो. म्हणजे तीसपट मंद. चार-केचं एक तयार चित्र सुमारे ३३ एमबीचं असतं, ते धाडायला एक मिलिसेकंद लागतो. १४४च्या पडद्यावर फ्रेमच्या वेळेतला सातवा हिस्सा असा नुसत्या टपालातच गेला, आणि दृश्याची खोली, हालचाल, मागच्या फ्रेमची नोंद हे सामान अजून पाठवायचंच आहे. डहाणू परिसरातल्या वारल्यांच्या लग्नघरात सवासिनी मिळून चौक लिहितात, त्याची आठवण इथे येते. वारली चित्रातला माणूस टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा, आणि ग्राफिक्स कार्डालाही मुळात त्रिकोणच कळतो. तांदळाच्या पिठाने एकाच भिंतीवर अनेक हात चालतात, कारण प्रत्येकीला शेजारणीची रेघ समोर दिसत असते. त्याच बायका दोन पाड्यांवरच्या दोन घरांत बसवल्या आणि दर रेघेला निरोप पाठवायला सांगितलं, तर हात तेवढेच असूनही चौक पूर्ण होणार नाही. एका चिपमधले कोअर एका भिंतीपुढे आहेत. दोन कार्डं दोन पाड्यांवर.

काही जण म्हणतात, हे सगळं कंपन्यांनी मुद्दाम केलं. जोडण्याचा मार्ग बंद केला की लोक महाग कार्ड घेतात. यात तथ्याचा अंश आहे, तो नाकारू नये. २०१६च्या जीटीएक्स १०८०पासून एनव्हिडियाने खेळांसाठी दोनच कार्डांची मर्यादा घातली. २०२०च्या ३०-मालिकेत जोडणीचा सांधा फक्त ३०९०ला ठेवला. २०२२च्या ४०९०मध्ये तोही काढला. दुसरीकडे मोठ्या डेटा सेंटरसाठी हीच कंपनी ७२ चिप एकमेकींना जोडणारी मांडणी विकते, तीही प्रत्येक चिपला सेकंदाला १.८ टीबीच्या वेगाने. म्हणजे अंतर मिटवता येतं. पुरेसे पैसे मोजणाऱ्यासाठी ते मिटवलंही जातं. पण खेळाच्या कार्डांवरून हा सांधा गेला तो केवळ लोभामुळे, असं म्हणायचं तर प्रतिस्पर्ध्याचं वागणं समजावून सांगता आलं पाहिजे. एएमडीचा बाजारातला वाटा लहान. दोन स्वस्त कार्डं जोडून एनव्हिडियाच्या सर्वोच्च कार्डाला मागे टाकणं शक्य असतं, तर ते सर्वांत आधी त्यांनी विकलं असतं. त्यांनी २०१९च्या आरएक्स ५७०० मालिकेतच क्रॉसफायर सोडून दिलं. ज्याला त्या सोयीचा सर्वाधिक फायदा झाला असता त्यानेच ती आधी टाकली, हा पुरावा मला कंपनीच्या हेतूंविषयीच्या तर्कांपेक्षा भक्कम वाटतो.

मग एकच घ्यायचं तर सरळ ५०९०च घ्यावं का? इथे मला वाचकाला थोडं थांबवावंसं वाटतं. ५०९०मध्ये ५०८०च्या दुप्पट कोअर आहेत, तरी चार-के खेळात ते साधारण दीडपटच पुढे जातं. लहान पडद्यावर अंतर आणखी घटतं, कारण मग प्रोसेसर मागे पडतो. एका छताखाली असूनही दुपटीची दीडपट होते, हे विसरू नये. ५०९०चा वीजखर्च पूर्ण भारावर ५७५ वॅट. रोज चार तास खेळलं तर महिन्याला ६९ युनिट. दोन ५०८० चालवता आली असती तर ७२० वॅट, महिन्याला ८६ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा १०० युनिटांचा. पंखे, दिवे, फ्रिज यांच्या आधी नुसतं कार्डच तो भरत आणतं आणि घरचं बाकीचं बिल वरच्या दरात ढकलतं. शिवाय हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरतात. उरलेलं मशीन धरून ८००-९०० वॅट म्हणजे हिवाळ्यात लावायच्या हीटरच्या जवळपास, आणि डहाणूच्या दमट मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तो कोण लावून घेईल? दोन जाड कार्डं लागून बसवली की खालच्याची गरम हवा वरचं ओढून घेतं, ते वेगळंच. याउलट ५०७० टीआय ३०० वॅटचं, १६ जीबीचं, सुरुवातीची जाहीर किंमत ८०,००० रुपये. महिन्याला ३६ युनिट. ७५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय त्याला पुरतो. वाचलेल्या पैशांतून चांगला मॉनिटर, आणि लाईट गेल्यावर खेळ जपून मशीन बंद करण्याइतका वेळ देणारा दणकट यूपीएस घेता येतो. गावात हा यूपीएस कार्डाच्या पुढच्या श्रेणीपेक्षा जास्त सुख देईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता एक घ्यावं, दोन वर्षांनी तेच दुसरं स्वस्तात घेऊन जोडावं, हा सल्ला एके काळी फार दिला जाई. त्याला कार्डांच्या इतिहासानेच उत्तर दिलं आहे. २०१५चं टायटन एक्स ९९९ डॉलरचं होतं. २०१६मध्ये आलेलं ३७९ डॉलरचं जीटीएक्स १०७० त्याच्या बरोबरीला पोहोचलं, तेही कमी विजेत. नवी तंत्रं नव्या पिढीलाच मिळतात, हेही आहेच. जुन्याची जोडी केल्याने जुनेपणच दुप्पट होतं. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे : दोन असली तर एक बिघडल्यावर दुसरं चालतं. डहाणूच्या खाडीकाठचं औष्णिक वीज केंद्रच पाहा. ५०० मेगावॅटचं, पण २५० मेगावॅटच्या दोन संचांचं, ज्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठी आहे. एक संच दुरुस्तीला काढला तरी निम्मी वीज येत राहते, ही सोय मोठी आहे. पण दोन संचांचे मेगावॅट तारेत सहज मिसळतात. कुठला मेगावॅट आधी आणि कुठला नंतर, हे मुंबईतल्या दिव्याला विचारावं लागत नाही. फ्रेमना क्रम असतो. बिघाडाची धास्ती असेल, तर सुट्या कार्डावर पैसे अडकवण्यापेक्षा ज्या प्रोसेसरमध्ये साधं अंगभूत ग्राफिक्स आहे तो घ्यावा. कार्ड दुरुस्तीला मुंबईला गेलं असताना अभ्यास, फॉर्म भरणं, पिक्चर पाहणं त्यावर भागतं.

दोन कार्डांना जागाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्लेंडरमध्ये अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला ती हवीतच. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे रांगेत लागते, रात्रभरात झाली तरी चालते, आणि दोन कार्डं जवळजवळ दुप्पट काम उरकतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची वारली कला कागदावर आणली. ती चलत्चित्रात नेऊ पाहणारा डहाणूचा एखादा मुलगा किंवा मुलगी दोन कार्डं मागत असेल, तर ती मागणी रास्त आहे. खेळातही अलीकडे एक वाट निघाली आहे. लॉसलेस स्केलिंगसारख्या प्रोग्रामने खेळ एका कार्डावर चालवून मधल्या काल्पनिक फ्रेम दुसऱ्या, साध्या कार्डाकडून भरून घेता येतात. हे चालतं, कारण कामं निराळी आहेत आणि जाणारं ओझं तयार चित्रापुरतंच आहे. पण मधल्या फ्रेम हात जे करतोय ते अधिक लवकर दाखवत नाहीत. चित्र गुळगुळीत होतं, प्रतिसाद आहे तिथेच राहतो. घरात पडून असलेलं जुनं कार्ड असेल तर लावून पाहावं, त्यासाठी नवं घेऊ नये. आणि दोन कार्डांइतके पैसे खरोखर हाताशी असतील, घरात खेळणारे दोघे असतील, तर ती दोन वेगळ्या कॅबिनेटमध्ये बसवावीत. ५०७०च्या सुरुवातीच्या जाहीर किमतीने दोन कार्डं १,१८,०००मध्ये होत होती, प्रत्येकी २५० वॅट. दोन मशीनच्या मधून मग जाते ती फक्त कोण कुठे आहे आणि कुणी काय केलं एवढी खबर, सेकंदाला काही केबी; घरातल्या राऊटरला ती एका मिलिसेकंदाच्या आसपास पोहोचवता येते, आणि चित्र ज्याचं त्याचं कार्ड ज्याच्या त्याच्या पडद्यावर काढतं.